दम धरण्याची पैज पाण्यात नको

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या बिबवेवाडीच्या रस्त्यांवर सकाळी साडेसहापासून खांद्यावर टॉवेल टाकलेली, कपाळावर गॉगल चढवलेली मुले दिसू लागतात. कुणी महापालिकेच्या तलावावर निघालेले असते, कुणी क्लबच्या टँकवर, तर कुणाच्या सोसायटीतच टँक असतो. मुलांना पोहता आलेच पाहिजे, हे डॉक्टर म्हणून मी गेली अनेक वर्षे पालकांना सांगत आलो आहे आणि आजही सांगतो. पण आजचा लेख पोहता न येणाऱ्यांविषयी नाही. तो पट्टीच्या पोहणाऱ्यांविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी मी ड्यूटीवर असताना सतरा वर्षांच्या एका मुलाला आमच्या अपघात विभागात आणले. अंगावर पोहण्याची चड्डी, केस ओले, ओठ निळे. सोबत दोन मित्र होते, तेही ओलेचिंब आणि थरथरत. त्यांनी जे सांगितले ते असे. बॅच संपायला दहा मिनिटे होती. पाण्याखालून एका दमात जास्त अंतर कोण कापतो, अशी तिघांची पैज लागली. याने काठाला धरून वीसेक वेळा जोरजोरात श्वास घेतले आणि सोडले. असे केले की दम जास्त टिकतो, हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिले होते. मग बुडी मारली. एक रुंदी झाली, वळला, दुसरी रुंदी झाली. तिसऱ्या रुंदीच्या मध्यावर तो तळाशी थांबला. मित्रांना वाटले, मुद्दाम बसून दम धरतोय. एकाने कौतुकाने आकडे मोजायला सुरुवात केली. शंभराच्या पुढे गेल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली.

तिथे पाणी होते चार फूट. तो उभा राहिला असता तर छातीपर्यंत आले असते.

आम्ही तासभर प्रयत्न केले. यश आले नाही. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या वडिलांना सांगायला गेलो, तेव्हा ते रडले नाहीत. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, “डॉक्टर, जिल्हा पातळीवर पोहायचा तो. चार फुटांत बुडाला कसा?”

त्या वेळी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे काही करू शकलो नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आज लिहितो आहे. उत्तर थोडक्यात असे, की तो चांगला पोहणारा होता आणि स्वतःच्या दमावर त्याचा विश्वास होता, म्हणूनच बुडाला. पोहायला न येणारा मुलगा या वाटेने जातच नाही.

घुसमट कशामुळे होते?

श्वास रोखला की थोड्या वेळाने छातीत कोंडल्यासारखे होते, पोट आत ओढले जाते आणि मग राहवत नाही, श्वास घ्यावाच लागतो. ही घुसमट ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होते, अशी जवळजवळ सगळ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. घुसमट होते ती मुख्यतः रक्तात साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. जॉन स्कॉट हाल्डेन आणि जॉन प्रीस्टली या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे दाखवून दिले, की श्वासाची लय ठरवताना शरीर प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवते. तो जरासा वाढला तरी मेंदू ताबडतोब ‘श्वास घे’ म्हणतो. ऑक्सिजन मात्र बराच खाली घसरेपर्यंत मेंदू फारशी तक्रार करत नाही.

रोजच्या आयुष्यात या व्यवस्थेचा काही त्रास नसतो. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे गणित एकमेकांशी बांधलेले असते. एक वाढला की दुसरा कमी होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडवर पहारा ठेवला की ऑक्सिजनचीही राखण होते. पहारेकरी वेळेवर ओरडतो, आपण डोके वर काढतो आणि वाचतो.

आता जोरजोरात वीस श्वास घेतल्यावर काय होते ते पाहू. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन एरवीही ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलेच असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते बाहेरच सांडणार. म्हणजे ऑक्सिजनचा साठा जवळजवळ वाढत नाही. पण प्रत्येक जोरदार उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर जातो. रक्तातला त्याचा दाब साधारण ४० मिलिमीटर असतो. तो झटक्यात २५ पर्यंत किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. बोटांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते. पोहणाऱ्याला वाटते, वा, काय ताजेतवाने वाटतेय! खरे तर त्याने आपल्या पहारेकऱ्याला झोपेची गोळी दिलेली असते.

आता तो पाण्याखाली हातपाय मारू लागतो. आपल्या शरीरात एका वेळी ऑक्सिजनचा साठा असतो जेमतेम दीड-दोन लिटर. आरामात बसल्यावर मिनिटाला साधारण पाव लिटर लागतो. जोरात पोहताना त्याच्या कित्येक पट लागतो. साठा वेगाने उतरत असतो, पण कार्बन डायऑक्साइड मुळातच खाली नेऊन ठेवल्यामुळे तो घुसमटीच्या पातळीपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याआधीच ऑक्सिजन इतका घसरतो की मेंदू बंद पडतो. ना घुसमट, ना छातीत कळ, ना भीती. दिवा मालवावा तशी शुद्ध जाते.

शुद्ध हरपल्यावर थोडा वेळ काही जणांचा स्वरयंत्राचा दरवाजा घट्ट मिटलेला राहतो. त्या वेळात कुणी वर काढले तर बरेचदा माणूस काही सेकंदांत डोळे उघडतो आणि ‘मला काय झाले होते’ असे विचारतो. काढले नाही, तर शरीर आपणहून श्वास घेते आणि तो श्वास पाण्याचा असतो. चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. हे सारे इतक्या शांतपणे घडते, की काठावरच्या माणसाला मदतीची हाक ऐकू येत नाही आणि हातपाय झाडणेही दिसत नाही. म्हणूनच त्या दिवशी मित्र आकडे मोजत बसले. दोष त्यांचा नव्हता. हे असे घडते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

विहिरीचा तळ

टँकमध्ये ही गत, तर खोल पाण्यात आणखी एक सापळा असतो. माझे बालपण सासवडच्या बाजूच्या एका खेड्यात गेले. कंबरेला सुका भोपळा बांधून आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. भोपळा सुटला की पुढची परीक्षा तळाची. सूर मारून तळापर्यंत जायचे आणि मूठभर चिखल वर आणून दाखवायचा. पाच-सहा परस पाणी असे. एक परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. चिखल आणला की पोरगा पोरांत मोठा झाला.

मी तेरा वर्षांचा असताना चुलतभावाशी पैज लावली, की तळाशी जाऊन त्याच्यापेक्षा जास्त वेळ थांबून दाखवतो. खाली गेलो, एका कपारीला धरून बसलो. पुढचे मला आठवते ते एवढेच, की वर उजेडाचा गोल दिसत होता आणि मी त्याच्याकडे निघालो होतो. बरे वाटत होते. त्यानंतर एकदम मी पायरीवर पालथा पडलेलो आणि भाऊ माझ्या पाठीत रट्टे घालत असलेला. मी पाण्याबाहेर डोके काढले, हसलो आणि पुन्हा खाली जाऊ लागलो, असे तो सांगतो. मला त्यातले काही आठवत नाही. त्याने केस धरून ओढले, म्हणून आज हा लेख लिहायला मी आहे.

वर येताना किंवा वर आल्यावरच शुद्ध का जाते, याचे कारण मला पुढे वैद्यकीय महाविद्यालयात कळले. दहा मीटर पाण्याखाली, म्हणजे साधारण तेहतीस फुटांवर, दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. फुप्फुसातली हवा दाबली जाते आणि त्यातल्या ऑक्सिजनचा दाबही दुप्पट होतो. त्यामुळे साठा संपत आलेला असतानाही तळाशी माणूस शुद्धीवर असतो आणि त्याला वाटते, अजून दम आहे. समजा, तळाशी फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाब ७० मिलिमीटर आहे. त्यावर मेंदूचे काम चालते. वर येता येता पाण्याचा दाब निम्मा होतो, तसा हा दाबही ३५ च्या आसपास येतो. त्यात वर येण्यासाठी पाय मारण्यात आणखी ऑक्सिजन खर्ची पडतो. ३० च्या आसपास बहुतेकांची शुद्ध हरपते. म्हणजे शेवटचे काही फूट, जिथे उजेड दिसतो आणि आता सुटलो असे वाटते, तेच सर्वांत धोक्याचे. दोन परस पाण्यापेक्षा सहा परस पाण्यात हा सापळा मोठा असतो. मालवण-तारकर्लीकडे स्नॉर्केलिंगला जाऊन, जॅकेट काढून प्रवाळ जवळून पाहण्यासाठी बुडी मारणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

तगड्यांनाही सूट नाही

अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली पाण्याखाली पोहताना शुद्ध हरपण्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांना हाच नमुना दिसला होता. आधी जोरजोरात श्वास, मग एका दमात अंतर कापण्याची जिद्द, आणि मग काही न आठवणे. १९७६ मध्ये त्यांनी अशा ५८ घटनांचा आढावा प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य यंत्रणेने १९८८ ते २०११ या काळातल्या आपल्याकडच्या नोंदी तपासल्या. त्यांना अशा १६ घटना सापडल्या, त्यांत चौघे दगावले होते. कारणे तीन होती. मुद्दाम जोरजोरात श्वास घेणे, कमी ऑक्सिजनचा ‘सराव’ म्हणून श्वास रोखणे, आणि दम धरण्याच्या पैजा.

शरीर कमावलेले असले म्हणजे सूट मिळते असेही नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या कमांडो दलाचे दोन जवान व्हर्जिनियातल्या तळावरच्या पोहण्याच्या तलावात तळाशी सापडले. दोघेही दगावले. समुद्रात रात्रीबेरात्री उतरण्यासाठी ज्यांना घडवले जाते, अशी ही माणसे.

पोहण्याच्या स्पर्धांच्या नियमांतही याची दखल आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक जपानच्या मासारू फुरुकावा यांनी जिंकले, ते शर्यतीचा बराचसा भाग पाण्याखालून पोहून. त्यानंतर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये असे पोहण्यावर बंदी आली. आज फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्येही सुरुवातीला आणि वळणानंतर पंधरा मीटरपेक्षा जास्त पाण्याखाली राहता येत नाही. ऑलिंपिकचे जलतरणपटू पंधरा मीटरवर डोके वर काढतात आणि आपली मुले पंचवीस मीटर लांबीचा टँक एका दमात पार करण्याच्या पैजा लावतात.

आपल्याकडे असे किती मृत्यू होतात? देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली. यातले दम धरण्याच्या नादात किती गेले, हे मात्र शवविच्छेदनात उमटत नाही. फुप्फुसात पाणी सापडते आणि कागदावर ‘पाण्यात बुडून मृत्यू’ एवढेच येते. शुद्ध आधी गेली की पाणी आधी गेले, हे मृत शरीर सांगू शकत नाही. ते फक्त सोबतचे सांगू शकतात. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. पोहता येणारा माणूस बुडाल्याच्या प्रत्येक घटनेत पंचनामा करणाऱ्यांनी आणि आम्ही डॉक्टरांनी एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर लिहून ठेवावे. ‘बुडण्यापूर्वी तो काय करत होता?’

एक खाली, एक वर

श्वास रोखून पाण्यात उतरणे हे माणसाचे फार जुने काम आहे. मन्नारच्या आखातात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शेकडो वर्षे पायाला दगड बांधून किंवा दगडावर उभे राहून तळाशी जात. एका दगडावर दोघे जण आळीपाळीने काम करत. एक खाली असताना दुसरा वर विसावा घेई, आणि दोरी धरलेला मदतनीस होडीत उभा असे. दोरीला हिसका बसला की वर ओढायचे, एवढेच त्याचे काम. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या ‘हेन्यो’ बायका आजही समुद्रात बुडी मारून शंख आणि कालवे काढतात. त्यांच्या या परंपरेला २०१६ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांच्यातल्या कित्येक जणी साठी ओलांडलेल्या आहेत. त्या घोळक्याने उतरतात आणि दर वेळी वर आल्यावर शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. ती शीळ ऐकू आली की बाकीच्यांना कळते, ही आली. जपानच्या ‘आमा’ बायकांच्या बुड्याही बहुधा अर्ध्या-एका मिनिटाच्या असतात. मध्ये विसावा असतो. आयुष्यभर हेच काम करून पोट भरणारी माणसे दमाची पैज लावत नाहीत, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

खोल बुडी मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहा. तिथे माणसे शंभर मीटरच्या आसपास आणि त्याहूनही खाली जातात. वर आल्यावर शुद्ध हरपणे तिथे नवलाचे नाही. तरीही या स्पर्धा भरवणाऱ्या ‘आइडा’ या १९९२ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिला मृत्यू झाला तो थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये, बहामात. निकोलस मेवोली हा तरुण ७२ मीटरवरून परतला, आणि खोल पाण्याच्या दाबाने फुप्फुसाला झालेली इजा त्याच्या जिवावर बेतली. मग निव्वळ शुद्ध हरपलेले बाकीचे कसे वाचले? कारण स्पर्धक वर येऊ लागला की जीवरक्षक पाणबुडे शेवटच्या टप्प्यात त्याच्या समोरासमोर वर येतात. पृष्ठभागावर आल्यावर पंधरा सेकंदांत त्याने चेहऱ्यावरचा चष्मा काढून, खूण करून, ‘मी ठीक आहे’ असे तोंडाने म्हणावे लागते. तोवर आणि त्यानंतरही थोडा वेळ कुणी नजर हटवत नाही. शुद्ध गेली तर हनुवटी क्षणात पाण्याबाहेर धरली जाते.

या उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. शुद्ध हरपल्याने माणूस मरत नाही. पाण्यात शुद्ध हरपली आणि कुणाचे लक्ष नसले, तर मरतो.

प्राणायाम चटईवर

पुण्यात हे लिहिताना आणखी एक विषय टाळता येत नाही. सकाळी बागेत किंवा गच्चीवर कपालभाती-भस्त्रिका करून तिथूनच पोहायला जाणारे अनेक जण मला माहीत आहेत. काही जण तर टँकच्या काठावरच भस्त्रिका करतात आणि मग पाण्याखाली कुंभक लावतात. प्राणायामाला माझा विरोध नाही. योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर पाहण्याची परंपरा आपल्या शेजारी लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, ते याच हेतूने. पण कपालभाती आणि भस्त्रिका म्हणजे भराभर श्वास, आणि भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, हा शरीराचा नियम आहे. चटईवर बसून चक्कर आली तर फार तर माणूस आडवा होईल. पाण्यात तसे होत नाही. जे मोबाइलवर पाहून जोरजोरात श्वास घेण्याचे नवे प्रकार शिकतात, त्यांनाही हेच सांगणे आहे. श्वासाचा कुठलाही व्यायाम पाण्यात किंवा पाण्याच्या काठावर करू नये, आणि केल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. मध्ये चांगला अर्धा तास जाऊ द्यावा.

काय करावे, काय करू नये

पोहणाऱ्यांसाठी. बुडी मारण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेऊ नका. शांतपणे नेहमीसारखा श्वास घ्या, शेवटचा थोडा मोठा, आणि उतरा. घुसमट सुरू झाली की वर या. ती सहन करण्यात पराक्रम नाही. ती तुमच्या बाजूने ओरडते आहे. पाण्याखाली जितका वेळ राहिलात, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विसावा घ्या. लागोपाठ बुड्या मारल्या की दर खेपेला उधारी वाढत जाते. वर आल्यावर फुप्फुसे एकदम रिकामी करू नका. आधी श्वास आत घ्या, काठ धरा. सर्दी असताना किंवा कान दुखत असताना खोल जाऊ नका. दारू घेऊन तर पाण्याकडे फिरकूच नका.

सोबत्यासाठी. बुडी मारणाऱ्याचा सोबती काठावर गप्पा मारत उभा असलेला माणूस नव्हे. त्याची नजर खालच्यावर हवी आणि त्याला तिथवर पोचून वर ओढता आले पाहिजे. एक खाली, तर एक वर. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. खालचा वर आला तरी अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहत राहा. माझ्या भावाने तेवढे पाहिले होते.

पालकांसाठी. ज्यांना आकडी येते, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार आहे, किंवा घरात कुणी तरुणपणी पोहताना अथवा धावताना अचानक गेले आहे, अशा मुलांना आधी डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा एक आनुवंशिक दोष असतो, त्यात पोहणे हेच झटक्याचे निमित्त ठरू शकते. साधा ईसीजी बरेचदा त्याचा सुगावा देतो. आणि मुलांना ‘पाण्यात मस्ती करू नकोस’ असे मोघम सांगू नका. नेमके सांगा. ‘जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारायची नाही. दमाची पैज लावायची नाही. कुणी तळाशी हलत नसेल तर मोजत बसायचे नाही, ओढून काढायचे.’ हे एवढे दहा वर्षांच्या मुलाला कळते.

प्रशिक्षकांसाठी. श्वासाचा सराव स्पर्धेसाठी लागतो, हे मान्य. पण तो तुमच्या डोळ्यांसमोर, पृष्ठभागावर, मोजक्या स्ट्रोकचा असावा. बॅच संपताना ‘एका दमात कोण जातो बघू’ हा खेळ बंद करा. शिक्षा म्हणून श्वास रोखायला लावणे तर गुन्हाच मानावा.

टँक चालवणाऱ्यांसाठी. बहुतेक टँकवर ‘टोपी सक्तीची’, ‘आंघोळ करून उतरावे’, ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही’ असे फलक दिसतात. त्यांच्या शेजारी ठळक मराठीत आणखी एक लावावा. ‘श्वास रोखण्याच्या स्पर्धा व लांब पल्ल्याच्या पाण्याखालील बुड्या मनाई. जिवाला धोका.’ महापालिकेने आपल्या तलावांपासून सुरुवात करावी आणि खासगी टँकच्या परवान्यात ही अट घालावी. याला खर्च एका पाटीचा आहे. जीवरक्षकांना एक नियम घालून द्यावा, की तळाशी कुणी दहा सेकंद हालचालीविना दिसला तर तो खेळतोय असे समजायचे नाही, उडी मारायची. दहापैकी नऊ वेळा पोरगा वर येऊन वैतागेल. वैतागू द्या. सोसायट्यांच्या टँकवर जीवरक्षक नसेल, तर त्या वेळात टँकला कुलूप असावे. वॉचमनला शिट्टी देऊन बसवणे म्हणजे जीवरक्षक नेमणे नव्हे.

वर काढल्यावर

कुणी बेशुद्ध सापडले तर पहिल्यांदा नाक-तोंड पाण्याबाहेर काढा आणि काठावर उताणे ठेवा. एकाने १०८ ला फोन करावा. श्वास चालू नसेल तर बुडालेल्या माणसाला सर्वांत आधी हवा लागते. हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने श्वास द्या, छाती वर येताना दिसेल असे. सुरुवातीला पाच श्वास द्या. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून तीस वेळा जोरात दाबा, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवा.

पोट दाबून पाणी काढणे, पाय धरून उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे, हे प्रकार अजून चालतात. त्यात हातची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी व अन्न फुप्फुसात शिरते. मिठाच्या ढिगात ठेवल्यावर बुडालेला माणूस उठतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्या नादी लागून नातेवाईक तास न् तास वाट पाहत बसतात. मीठ माणूस उठवत नाही. आणि शुद्धीवर आलेला माणूस हसत-बोलत असला तरी त्याला रुग्णालयात आणाच. पाणी शिरलेल्या फुप्फुसाला सूज पुढच्या काही तासांतही येऊ शकते.

२५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला आहे. आपल्याकडे मात्र तोवर उन्हाळ्याच्या बॅचेस संपलेल्या असतात. या विषयाची आठवण जुलैत नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये, प्रवेशाच्या फॉर्मबरोबर व्हायला हवी. पहिल्या दिवशी पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक बॅचला पाच मिनिटे हे सांगितले, तरी पुष्कळ झाले.

त्या मुलाचे वडील मला दोन वर्षांनी मार्केट यार्डात भेटले. त्यांनीच ओळखले. धाकट्या मुलीला पोहायला घातले आहे, असे सांगताना थोडे अडखळले, जणू मी रागावेन. मी म्हणालो, “चांगले केलेत.” मग तिथेच, कांद्याच्या पोत्यांच्या बाजूला उभे राहून, त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर मी त्यांना दिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “हे त्याला कुणी सांगितले असते तर ऐकले असते का हो त्याने?”

मला वाटते, ऐकले असते. सतरा वर्षांची मुले ‘करू नकोस’ ऐकत नाहीत, पण ‘असे का होते’ हे कळले तर ऐकतात. निदान त्याच्या मित्रांनी तरी ऐकले असते. आणि त्यातला एक जण आकडे मोजायचे सोडून पाण्यात उतरला असता.